सत्तर ग्रॅम

चार दिवसांनी मी बडोद्याहून परत आले तेव्हा खडूचं वजन सत्तर ग्रॅमनं वाढलेलं होतं, आणि मला आनंद झाला नाही.

मी पुन्हा करून पाहिलं. काटा शून्यावर आणला, पारड्यातला टॉवेल वेगळा तोलला, खडूला परत बसवलं. दोन किलो तीनशे दहा. निघताना मी वहीत दोन किलो दोनशे चाळीस लिहून गेले होते. आठ वर्षांचा ससा, दाढा वाढून वाकड्या झालेल्या, पाठ आखडलेली. गेले चार महिने त्याचं वजन पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमनं उतरताना मी रोज सकाळी बघत होते. माझ्या हातानं खाऊन.

"याला कुणी भरवलं?" मी नवऱ्याला विचारलं.

तो पेपर वाचत होता. "तुझ्या सूचनांची दोन पानं मी भागीबाईंना दिली," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, मला वाचता येत नाही. म्हटलं, मग जमेल तसं करा."

"म्हणजे काय केलं त्यांनी?"

"मला काय माहीत? ससा जिवंत आहे ना?"

भागीबाई आमच्याकडे तीन वर्षं भांडी आणि लादी करत होत्या. मूळच्या पेठ तालुक्यातल्या, राहायला पेठ रोडला. खडूकडे त्यांचं कधी लक्ष असेल असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याला गॅलरीत बघून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं ससा ताटात येतो ताई, ताटावर नाय बसत." आणि लादी पुसायला घेतली होती.

खडू आमच्याकडे कसा आला ते सांगायला हवं. सातपूरच्या एका औषध कंपनीत मी गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. इंजेक्शनं बाजारात जाण्याआधी त्यांनी रोग्याला ताप येणार नाही ना, हे पूर्वी सशांवर तपासत. तीन ससे रात्रभर उपाशी ठेवायचे, सकाळी लाकडी खोड्यात मान अडकवून बसवायचे, कानाच्या शिरेत औषध टोचायचं आणि तीन तास, दर अर्ध्या तासानं, गुदद्वारातून तापमान घ्यायचं. सशांच्या शेडची झाडलोट आणि चारा सहादूकडे होता. सशाला उचलून खोड्यात बसवणं आणि तापमान घेणं माझ्याकडे. सहा वर्षं मी ते केलं. पुढे हीच तपासणी काचेच्या नळीत करता यायला लागली आणि ससे नकोसे झाले. अठ्ठ्याण्णव साली उरलेल्या पाचांतला एक मी वेताच्या टोपलीत घालून घरी आणला. दोन वर्षांचा होता. त्याच्या कानात निळ्या शाईत चौदा हा आकडा गोंदलेला होता. खडू हे नाव नवऱ्यानं ठेवलं, रंगावरून.

आम्हाला मूल नाही. हे लिहायचं कारण एवढंच, की लोक सशावरून तसा अर्थ काढत आणि मी तो कधी खोडून काढला नाही.

संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले की खडू गॅलरीच्या उंबऱ्याशी येऊन बसायचा. उचलला तर प्रतिकार करायचा नाही. मांडीवर घेतला की कितीही वेळ हलायचा नाही. पाहुण्यांच्या मुलांना तो बोचकारत असे, नवऱ्याला एकदा त्यानं चावाही घेतला होता. माझ्यापाशी मात्र शांत. एवढा गुणी ससा पाहिला नाही, असं शेजारच्या म्हणायच्या. ते ऐकायला मला आवडायचं.

दोन हजार चारच्या जूनमध्ये त्याची हनुवटी ओली दिसायला लागली. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. दाढांना टोकं आली होती, ती जिभेला लागत होती. या वयात भूल देऊन घासणं धोक्याचं, म्हणाले, त्यापेक्षा मऊ खायला घाला आणि वजनावर लक्ष ठेवा. ते मुख्यतः गुरांचे डॉक्टर होते आणि तसं त्यांनी आधीच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. मग मी माझी पद्धत बसवली. लसूणघासाचा चारा वाळवून दळायचा, त्यात भिजवलेलं गाजर किसून घालायचं, सुई काढलेल्या दहा मिलिलिटरच्या सिरिंजमधून दातांच्या बाजूच्या फटीतून थोडं थोडं सोडायचं. सकाळी चाळीस मिलिलिटर, संध्याकाळी चाळीस. हनुवटी कापसानं पुसायची. वही ठेवायची.

जुलैत पहाटे त्याच्या घाणीच्या ट्रेमध्ये नेहमीच्या कोरड्या लेंड्यांशिवाय आणखी काहीतरी दिसायला लागलं. काळसर, चकचकीत, मऊ, बारक्या द्राक्षांच्या घडासारखं चिकटलेलं, वास असलेलं. मी वहीत लिहिलं, जुलाब. वहीतल्या नोंदी फोनवर वाचून दाखवल्या तेव्हा डॉक्टरांनी हिरवा पाला कमी करायला सांगितलं. तेव्हापासून मी पाचला उठून सगळ्यात आधी ट्रे काढायची, फिनाइलच्या पाण्यानं धुवायची, नवा पेपर घालायची. त्यानंतर हात धुऊन भरवायला बसायची. खडूच्या जागेत घाणीचा कण राहू द्यायचा नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. तरी वजन उतरत होतं.

आणि आता हे सत्तर ग्रॅम.

योगायोग असणार, असं मी धरून चालले. योगायोग आहे की नाही हे तपासण्याची पद्धत असते. मी नवऱ्याला सांगितलं की एक आठवडा मी करेन, एक आठवडा भागीबाई. ज्या आठवड्यात ज्या माणसाची पाळी, त्या आठवड्यात ट्रेपासून सिरिंजपर्यंत सगळं त्याच माणसानं करायचं. दुसऱ्यानं मधे यायचं नाही. रविवारी वजन.

"स्वतःच्या हातानं सवत आणतेयस घरात," नवरा म्हणाला.

"प्रयोग आहे."

"सगळ्या सवतींची सुरुवात अशीच होत असेल."

भागीबाईंना मी सिरिंज दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि परत दिली. हे नको ताई, म्हणाल्या, मी माझं बघते. मी सकाळी सातचाळीसची बस पकडायची, नवरा साडेआठला निघायचा, भागीबाई आठला यायच्या. त्यांच्या आठवड्यात मी पहाटे गॅलरीचं दार ओढून घ्यायची आणि स्वयंपाकाला लागायची. आतून खडूची खुडबुड ऐकू यायची. पोळ्या लाटताना माझं लक्ष नसायचं.

माझा आठवडा, उणे पंचवीस. त्यांचा आठवडा, अधिक चाळीस. पुन्हा माझा, उणे तीस. आलेखाच्या कागदावर मी बिंदू मांडले आणि जोडले. रेष करवतीच्या दातांसारखी दिसत होती. प्रत्येक उतार माझा होता.

मला हे नीट सांगायचं आहे, म्हणून सांगते. मला खडूची काळजी होतीच. पण बसमध्ये खिडकीशी बसल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खडू नसायचा, भागीबाईंचे हात असायचे. राखेनं काळवंडलेली नखं, भांडी घासून भेगा पडलेली बोटं. ते हात मी गेली तीन वर्षं पाहत होते आणि आता मला त्यांचा राग येत होता. त्यांच्या आठवड्यात मी घरी आले की आधी गॅलरीत जाऊन जमिनीवर काय सांडलंय ते बघायची. कधी हरळीच्या काड्या, कधी मुळ्याच्या पाल्याचे देठ. पाला चालत नाही, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "खातो की." एकदा मी फ्रिजमधली गाजरं खालच्या कप्प्यात मेथीखाली सारून ठेवली, त्यांना सापडू नयेत म्हणून. संध्याकाळी गाजरं जिथल्या तिथं होती. त्यांना त्यांची गरजच पडली नव्हती.

आणि चौथ्या रविवारी मी खोटं लिहिलं. आठवडा भागीबाईंचा होता. काट्यावर दोन किलो तीनशे तीस दिसत होते. मी वहीत दोन किलो दोनशे नव्वद लिहिले. मागच्या रविवारचा आकडा दोनशे पंच्याण्णव होता. म्हणजे कागदावर पाच ग्रॅमची घट. वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. एका वरिष्ठांनी लिहायला सांगितलं होतं तेव्हाही लिहिला नव्हता, त्याची किंमत म्हणून माझी बढती तीन वर्षं लांबली होती. आणि स्वतःच्या घरी, जी वही माझ्याशिवाय कुणी उघडत नव्हतं तिच्यात, एका मोलकरणीला पस्तीस ग्रॅम मिळू नयेत म्हणून मी लिहिला. लिहून झाल्यावर मी पेनाला टोपण लावलं, नेहमीसारखं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, पुन्हा त्यांची पाळी आली तेव्हा, मी बस सोडली. घरातून वेळेवर निघाले, खाली पार्किंगमध्ये एका मोटारीच्या आडोशाला उभी राहिले. नवरा गेलेला पाहिला. मग जिना चढून आले आणि माझ्या किल्लीनं दार अलगद उघडलं. हे मी कशासाठी करत होते? त्या काहीतरी वाईट करताना सापडाव्यात, एवढ्यासाठीच. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

भागीबाई स्वयंपाकघरात जमिनीवर पाय लांब करून बसल्या होत्या. हातात चहाचा कप, त्यात बुडवलेली भाकरी. खडू त्यांच्या नडगीला लागून होता. मांडीवर नाही, धरलेला नाही. त्यांचा दुसरा हात जमिनीवर सहज टाकल्यासारखा पडला होता, तळवा वर होता, आणि त्या तळव्यावर तो काळा, चकचकीत घड होता. त्या खडूकडे बघतही नव्हत्या. भाकरी चावता चावता आपल्या जावेचं काहीतरी त्याला सांगत होत्या, जावेनं लग्नात कसं बोलवलंच नाही वगैरे. खडूनं मान लांब केली, तळवा हुंगला, आणि तो घड खाल्ला. न चावता, एका दमात. मग त्यांनी बाजूच्या ताटलीतून दुसरा घेतला.

खाऊन झाल्यावर खडूनं मागचे पाय एका बाजूला सोडले आणि कुशीवर आडवा झाला. पोट उघडं टाकून, डोळे अर्धे मिटून. सहा वर्षांत माझ्यासमोर तो असा कधी पडला नव्हता.

मला किळस आली होती, आणि किळसेच्या आधी, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं. सापडल्या. मी पुढे झाले. खडू ताडकन उठून बसला, कान पाठीला चिकटवून.

"काय भरवताय त्याला?"

भागीबाई दचकल्या नाहीत. कप खाली ठेवला. "तुमी गेल्या नाय व्हय आज?"

"काय भरवताय, विचारलं मी."

"त्याचंच हाय. पहाटंचं. आता पाठ वाकत नाय ना त्याची, तोंड पुरत नाय तितवर. म्हनून मी देते."

"घाण आहे ती."

"तुमाला घान. त्याला नाय." त्यांनी पदरानं हात पुसला. मग त्या सांगू लागल्या की त्यांच्या गावात एका संस्थेनं सशांच्या जोड्या वाटल्या होत्या, सहा घरांना, धंदा करा म्हणून. पाच घरांनी वर्षाच्या आत खाऊन टाकले. त्यांच्या सासूनं एक मादी ठेवली ती म्हातारी होईपर्यंत. ती पण अशीच आखडली, अशीच वाळायला लागली, तेव्हा सासूनं हेच केलं. ससा पहाटे हे खातोच, दिवसाचं खाणं अंगी लागायचं तर हे पोटात जावंच लागतं.

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"तुमी पहाटं उठून समदं धुऊन काढायच्या. मला वाटलं डागदरनं सांगितलं आसंल." कप उचलत त्या म्हणाल्या, "आनि तुमी लिहून ठेवत होत्या की. लिहिलेल्यावर मी काय बोलू?"

मी हुकूम दिला. उद्यापासून खडूला हात लावायचा नाही, भांडी आणि लादी तेवढी करायची. आवाज चढवला नाही. त्या बरं म्हणाल्या आणि उरलेली भाकरी उभ्यानं खाल्ली.

त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. दुपारी सहादूच्या मुलाच्या दुकानात फोन लावला. सहादू निवृत्त होऊन मखमलाबादला राहत होता आणि दिवसा दुकानात बसत असे. मी त्याला विचारलं, आपल्या शेडमधले ससे पहाटे असं काही खायचे का.

"खायचे म्हणजे? खाणारच की मॅडम. समदे ससे खातात. खाली बी पडू देत नाय, बुडालाच तोंड लावून खातात."

"मला कसं कधी दिसलं नाही?"

"तुमी सहाला यायच्या. तवर त्यांचं आटपलेलं आसायचं."

असं होतं तर. धडधाकट असताना खडू ते आमच्याही घरी खातच असणार, मी उठायच्या आत. पाठ आखडली तेव्हा ते ट्रेमध्ये पडायला लागलं, आणि तेव्हा ते मला पहिल्यांदा दिसलं. मी त्याला जुलाब म्हटलं, त्याचा पाला तोडला आणि रोज पहाटे त्याचं जेवण फिनाइलनं धुऊन टाकलं. नोंद सगळी व्यवस्थित होती. चूक फक्त पहिल्या शब्दात होती.

सहादूला मात्र गप्पा हव्या होत्या. चौदा नंबर अजून आहे हे ऐकून तो खूश झाला. "मॅडम, पण तुमच्या हाताची सर कुनाला नाय आली बगा," तो म्हणाला. "बाकीच्या सायबांना लाथा घालायचे ससे, बोचकारायचे. तुमी धरला की दगड. आमी म्हनायचो, मॅडमचा हात लागला की सशाला कळतं, आता आपलं आटोपलं."

तो हसला. मीही हसले. मग दुकानात कुणीतरी साखर मागितली आणि त्यानं फोन ठेवला.

मी गॅलरीत गेले आणि खडूला उचलून मांडीवर घेतलं. मानेमागची सैल कातडी एका हातात, दुसरा हात बुडाखाली. हातांना विचार करावा लागला नाही. तो हलला नाही. डोळे मोठे, नाकपुडी थांबलेली; सशाची नाकपुडी एरवी क्षणभरही थांबत नाही. मी अंगठा त्याच्या छातीशी नेला. ठोके मोजता येणार नाहीत इतके जलद होते. सहा वर्षं मी हे मांडीवर घेऊन बसत होते आणि पाहुण्यांना दाखवत होते.

आता मला माहीत होतं की काय करायचं. निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाचला मी ट्रे धुतला नाही, ते घड चमच्यानं उचलून ताटलीत घेतले, आणि जमिनीवर बसले. खडूला धरलं नाही. भागीबाईंसारखा हात ठेवला, तळवा वर. चहाचा कपसुद्धा घेतला होता. तो समोरच्या कोपऱ्यात कान पाडून बसला. पाऊण तास बसला. स्वयंपाक राहिला होता म्हणून शेवटी मी तो घड त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड फिरवलं नाही, मान मागे घेतली नाही. काहीच केलं नाही. दगड.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कपडे बदलून पाहिले, साबण बदलून पाहिला. संध्याकाळी सिरिंजमधून दिलेलं तो गिळायचा, कारण ते टाळणं त्याच्या हातात नव्हतं. त्यातलं अर्धं हनुवटीवरून खाली यायचं. पाचव्या दिवशी वजन दोन किलो दोनशे दहा भरलं. वीस टक्क्यांहून जास्त वजन गेलं की म्हातारा ससा परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याचं पूर्वीचं वजन तीन किलोच्या आसपास होतं. हिशेब मला करता येत होता. तो सीमेच्या पलीकडे होताच, भागीबाईंच्या आठवड्यांनी त्याला धरून ठेवलं होतं.

त्या सगळ्या दिवसांत भागीबाई येत होत्या, भांडी करत होत्या, लादी पुसत होत्या. गॅलरीत पुसताना त्या खडूला हात लावत नव्हत्या. सांगितलेलं पाळत होत्या. त्यांचं फडकं जिकडे जाईल तिकडे खडू मान वळवत होता. मी ते रविवारी पाहिलं.

सोमवारी मी रजा टाकली. त्या मोरीत भांडी घासत होत्या. मी दाराशी उभी राहिले.

"भागीबाई, तो माझ्या हातून खात नाही."

त्यांनी नळ बंद केला. "बगते मी."

"तुम्ही भरवाल?"

"तुमीच म्हनल्या, हात लावू नका."

"माझं चुकलं."

त्यांनी कढई पालथी घातली, वाट्या एकात एक रचल्या. मी थांबले. मला वाटत होतं की त्या आता हसतील, किंवा वाईट वाटून घेतील, किंवा असू द्या ताई म्हणतील, आणि यातलं काहीही मला सहन होणार नाही. त्या कामाचं बोलल्या. सातला येईन, म्हणाल्या, म्हणजे ते सुकायच्या आत होईल. तुम्ही पहाटे उचलून वाटीत ठेवा, वर ओला फडका घाला. सिरिंज बंद करा. त्याला धरू नका.

"नाही धरणार."

"आनि मी देत आसताना तुमी हितं नका."

"मी लांब बसेन. पलीकडच्या खोलीत. बोलणार नाही."

"पलीकडं नको ताई. त्याला वास लागतो. त्या दिवशी तुमी दारात आल्या, तर कसा उठला, बगितलं ना?"

पाहिलं होतं. नेमकं तेच मी पाहिलं होतं.

"किती दिवस असं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तो हाय तवर," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याला आता सवतीचा विनोद सुचला नाही. तू जिन्यात उभी राहणार? रोज? एवढंच त्यानं विचारलं, आणि सकाळचं फिरणं सातवर हलवलं, म्हणजे त्याचाही वास नको.

हे नोव्हेंबरात ठरलं. तेव्हापासून मी पाचला उठते, वाटी भरते, फडका ओला करून घालते. वजन करणं थांबवलंय, कारण त्यासाठी उचलावं लागतं. सातला भागीबाई येतात. आधी चहा घेतात, बशीत ओतून, घाई न करता. मग माझ्याकडे बघतात आणि मी चप्पल घालून बाहेर पडते, दार ओढून घेते. खडू भरलाय, असं त्या अधूनमधून सांगतात. किती, असं मी विचारत नाही. त्यांच्याजवळ आकडा नसतो, आणि त्या सांगतात ते खरं असतं.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तो आता वेळेवर येतो, सातला. बंद दाराबाहेर उभं राहून मी आतल्या आवाजांचा अंदाज घेत असते. ही ताटली सरकली, ही बांगडी वाजली. आत्ता तो मान लांब करत असेल. आत्ता आडवा पडला असेल.

परवा थंडी फार होती. जिन्यात वारा येत होता आणि मी अंगावर काही घेतलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या सावित्रीबाई दूध घेऊन चढत होत्या. किल्ली आत राहिली का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. नवरा येईपर्यंत आमच्याकडे बसा, म्हणाल्या. येईलच इतक्यात, मी म्हटलं. त्या वर गेल्या.

आत शांतता होती. नेहमीपेक्षा जास्त वेळ. ताटलीचा आवाज नाही, बांगडीचा नाही. मी दाराला कान लावला. तेवढ्यात भागीबाईंचा आवाज आला, अगदी हळू, लहान पोराशी बोलावं तसा.

"खा रे बाबा. कोनी नाय. गेली ती."

मी दारापासून दूर झाले, आवाज होऊ न देता चपला हातात घेतल्या, आणि आठ पायऱ्या खाली उतरून उभी राहिले.